लवू नळ ऐकतो

डोंगरातल्या झऱ्यापासून बाजारापर्यंत अडीच मैल बिडाचा नळ होता. तो कधी घातला हे नगरपालिकेच्या दप्तरात होतं, आणि दप्तर वाळवीने खाल्लं होतं. म्हणून नळाचं वय लवू गावकराला विचारत. एकवीस वर्षं तोच नळ तपासत होता, आणि तेही पाणी बंद न करता. १९५१ साली एकदा बंद केलं होतं. पुन्हा सोडल्यावर आतला गंज सुटला आणि गाव आठवडाभर तांबडं पाणी प्यायलं. त्यानंतर बंद करण्याचं नाव कुणी काढलं नाही.

लवूची रीत साधी होती. ठरावीक पावलांवर खड्डे होते, त्यांवर चिऱ्याची झाकणं. झाकण उचलायचं, खैराच्या काठीचं एक टोक नळावर आणि दुसरं कानाला लावायचं. सांधा गळत असला की तव्यावर बांगडा तळल्यासारखं ऐकू येई. वेळ भर दुपारची, कारण गाव जेवून आडवं झाल्याशिवाय तोट्या बंद होत नसत.

१९६३च्या मार्चात रत्नागिरीहून ओव्हरसियर हर्डीकर आले. मंजूर झालेले नवे पाईप बाराच होते. सगळ्यांत वाईट बारा जागा लवूने ऐकून दाखवायच्या होत्या.

अडचण एवढीच, की दोन वर्षांपासून लवूला मोठ्याने बोललेलंच तेवढं कळे. ‘माझी हाक आयकाक येणा नाय, ता काय नवीन नाय,’ बायको शेवंती म्हणाली, ‘पण आता नळाचीय?’ हे कळलं तर नोकरी जाणार होती. न कळता पाईप भलतीकडे पडले तर गावाचं पाणी.

दोन वर्षं लवूने नळ डोळ्यांनी ऐकला होता. शिंपण नसताना मार्चात जिथे अळू कानाएवढं नाही, सुपाएवढं होई, तिथे खाली गळती. फुकटचं पाणी मिळे म्हणून परसांचे मालक अर्थातच ते कुणाला सांगत नसत.

चुन्याची पहिली खूण आनंदीबाईंच्या कुंपणाशी, अळवाजवळ पडली. लवूने काठी टेकली, डोळे मिटले, मान डोलावली. हर्डीकरांनी स्वतः ऐकून पाहिलं, बरोबर होतं.

आनंदीबाई झोपेतून उठून आल्या. ‘मेल्या लवू, दोन वर्सां माझ्या अळवाचा फदफदा खाल्लंस, आणि आता हंय चुनो मारतंस?’

‘फदफदा बरा होता गे, आनंदीबाय,’ लवू म्हणाला आणि चुना ओढला.

अशा आठ जागा झाल्या. मग बाजार लागला. वर खडीचा रस्ता, अळवाचं पान नाही. लवूने काठी कानाला लावली. पलीकडे काहीच नव्हतं.

‘गळतोय?’ हर्डीकरांनी दुसऱ्यांदा, आता मोठ्याने विचारलं.

चारदा हो म्हणायचं, की काम संपलं. पण उन्हाळा पुढे होता, आणि दोन वर्षं मान डोलावून लवू दमला होता.

‘माका आयकाक येणा नाय, सायबानू. दोन वर्सां झाली.’

‘मग आठ जागा कशा सांगितल्या?’

‘अळवान.’

हर्डीकरांनी अहवालाचा कागद काढला. तपासणीच्या पद्धतीसाठी त्यात एकच ओळ होती. तिथे त्यांनी ‘प्रत्यक्ष पाहणी’ असं लिहिलं, पँट सावरत उकिडवे बसले आणि काठी स्वतःच्या कानाला लावली.

‘तुम्ही झाकणं उचला,’ ते ओरडून म्हणाले.

बाजारात झाकणं एकतीस होती.