दोन युनिफॉर्म, सुट्या भागांत

पुनर्जन्मावर माझा पूर्ण विश्वास आहे. पोथ्या वाचून तो बसलेला नाही. रहाटणीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये राहून बसला. वडील चाकणच्या एका कंपनीत होते. कंपनी दरवर्षी दोन राखाडी युनिफॉर्म द्यायची आणि आई जुन्यांना पुढच्या योनीत धाडायची. पँटच्या पायांच्या पिशव्या व्हायच्या, कारण दोन बाजू आधीच शिवलेल्या असतात. शर्टाची पाठ मिक्सरवर जायची. बाह्यांत चिंध्या भरून त्या दाराखालच्या फटीला लावल्या की झुरळं बाहेर राहायची. कॉलरचं काय करावं हे मात्र तिला कधीच सुचलं नाही, म्हणून कॉलरी एका डब्यात वाट बघत पडून असायच्या. हल्ली या सगळ्याला इंग्रजी नाव आहे आणि त्याचे वर्ग भरतात. आईने फी घेतली नाही.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना वडील 'नो ड्यूज'चा फॉर्म घेऊन आले. कॅन्टीनची सही झाली होती, टूल रूमची झाली होती. स्टोअरची राहिली होती. शेवटचे चार युनिफॉर्म जमा केल्याशिवाय स्टोअर सही देणार नव्हतं, आणि त्या सहीशिवाय कंपनी त्यांना रीतसर मोकळं करणार नव्हती. वापरातले दोन हाताशी होते.

"उरलेले दोन कुठायत?" वडिलांनी विचारलं.

"घरातच आहेत," आई म्हणाली. आणि ते खरंच होतं.

वडील खाली बसले. सगळ्या नोकरीत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता आणि आता शेवटचा कागद बायकोच्या कात्रीपायी अर्धवट राहणार होता. त्या दिवशी जेवताना त्यांनी पापड नको म्हटलं. आमच्याकडे ही गंभीर बाब आहे.

"तसलंच कापड आणून दोन नवे शिवून घेऊ," मी सुचवलं.

"म्हणजे जाताना खोटा माल जमा करू?"

"फाटके चालतात का, ते तरी विचारा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते विचारून आले. फाटका असला तरी चालेल, पण वस्तू दिसली पाहिजे, असा नियम होता. मग आम्ही घर उसवायला घेतलं. मिक्सर उघडा पडला, दाराखाली उजेड दिसू लागला. सगळं भरायला पिशवी घेतली, तर तीही जमा करायच्या मालातलीच निघाली.

शेवटच्या दिवशी निरोप समारंभाला घरच्यांनाही बोलावतात. समारंभाआधी आम्ही तिघं स्टोअरच्या खिडकीशी उभे राहिलो. स्टोअरकीपर माझ्याच वयाचा होता. वापरातले दोन त्याने आत घेतले आणि मग पिशवीत डोकावून पाहिलं.

"काका, हे काय?"

"दोन सेट," वडील जमिनीकडे बघत म्हणाले.

आई पुढे झाली. "ही एक पाठ, ही दुसरी. या बाह्या. पँटचे पाय चार, मोजून घ्या."

"मावशी, याला हळद लागलीय."

"मिक्सरवर होती. धुतलीय, डाग जात नाही."

"पण मी रजिस्टरात नग किती लिहू? हे तर पंधरा-वीस तुकडे आहेत."

आईने डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. "कॉलरी मोजा. एका शर्टाला एकच असते."

सात निघाल्या. त्याने दोन ठेवून पाच परत दिल्या. जास्तीचा माल घेता येत नाही म्हणाला. मग 'दोन सेट, सुट्या भागांत' असं लिहून त्याने सही केली. वडिलांनी ती सही वाळेपर्यंत फॉर्मची घडी घातली नाही.

समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला. कंपनीची मालमत्ता त्यांनी कशी जिवापाड जपली, यावर साहेब बराच वेळ बोलले. आईने मान डोलावली.

निघताना वडिलांनी स्टोअरकीपरला विचारलं, जमा झालेल्या युनिफॉर्मचं पुढे काय होतं.

"मेंटेनन्सला देतो, काका. कापून मशिन पुसायला घेतात," तो म्हणाला. "तुमचे मघाशीच नेले. कापायचं काम वाचलं."