लाल डब्यावरची फुली

अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका तर ओळीओळीला असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आमचे हे गेले त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला आलेल्या माणसांसमोर मला त्यांच्याबद्दल चार शब्द बोलता आले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

दवाखान्यातून मुलाचा फोन आला तेव्हा मी ह्यांच्या छोट्या आगगाडीचे रूळ फडक्याने पुसत होते. घरी आल्यावर रुळांवर धूळ दिसली तर चिडतील, एवढंच डोक्यात होतं. "आई, बाबा गेले," तो म्हणाला. मी राहिलेला कोपरा पुसून घेतला आणि मग खाली बसले.

ह्यांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात डबे दुरुस्त करण्यात गेली. सोलापूरहून रोज जाऊन-येऊन करायचे. घरात बोलणं म्हणजे डबा भरला का, नळाला पाणी आलं का, एवढंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिवाणावर प्लायवूड टाकून छोटी रेल्वे मांडली. दिसायला खेळण्यातली, पण घडण अगदी खऱ्या गाडीची. त्या खोलीत मी फक्त चहा ठेवायला जायचे.

पुढे त्यांचे हात कापायला लागले. बारीक स्क्रू धरता येईना. एकदा चहा ठेवून वळले तर म्हणाले, "थांब की जरा. तुझी बोटं बारीक हायत." मी घरी टॉवेलच्या दशांना गाठी मारायचं काम करत आले, त्यामुळे बोटांना सवय होती.

तेव्हापासून ते सांगायचे आणि मी करायचे. वर्कशॉपातल्यासारखी बिघडलेल्या डब्यावर खडूने फुली मारायची, म्हणजे तो डबा 'सिक', आजारी. सिक डबे खिडकीत उभे करायचे. दुरुस्त होऊन पूर्ण फेरी मारून आला की मगच फुली पुसायची, असा त्यांचा नियम. एक निळा डबा वळणावर हमखास घसरायचा. त्यांनी तो मला उलटा धरायला लावला. डब्याखाली चार चाकांची ट्रॉली असते, ती एका स्क्रूवर फिरते. "लई आवळलाय. वळणावर तिला मान वळवता येत न्हाय. अर्धा पेच सोड." मी सोडला. चहा निवायच्या आत निळ्याची फुली पुसली.

लाल डबाही त्याच वळणावर घसरायचा. त्याचं मात्र लांबतच गेलं... कधी चाकांमधलं अंतर पत्र्याच्या मापाने बघायचं, कधी डबा हलका पडतो म्हणून आत नट चिकटवायचा. प्लायवूडवर रुळांखाली आमची सोलापुरी चादरच अंथरलेली, तिचे तंतू आसाला गुंडाळायचे, ते चिमट्याने काढायचे. माझं बोट स्क्रूकडे गेलं की म्हणायचे, "त्यो ऱ्हाऊ दे, आदी चाकं बघ."

एकदा चाक निसटलं तर म्हणाले, "हात हाय का फावडं?"

"मग तुमीच धरा की चिमटा."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना उलट बोलले असेन. ते इतके हसले की खोकला लागला.

काम करता करता ते बोलायचे. नोकरीत नवीन असताना एका डब्याचा ब्रेक चुकीचा जोडला, फोरमनने सगळ्यांदेखत झाडलं, आणि त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. मला ते ताट आठवत होतं. भाजी आवडली नाही असं मी इतकी वर्षं समजत होते...

"आज होईल का हो लाल डब्याचं?" मी विचारायचे.

"आज ऱ्हाऊ दे. उद्या बघू की."

दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "माझ्यावर बी मार एक फुली." "असलं बोलू नका," म्हणत मी खडू पदराखाली लपवला.

परवा धीर करून लाल डबा उलटा केला. स्क्रू घट्ट आवळलेला होता, निळ्याचा होता तसाच. मी अर्धा पेच सोडला, डबा गाडीला जोडला आणि बटण दाबलं. लाल डबा वळणावर आला, त्याने मान वळवली आणि तो निघून गेला. पूर्ण फेरी मारून माझ्यासमोर आला तेव्हा मी गाडी थांबवली.

जन्मभर डबे दुरुस्त केलेल्या माणसाला तो स्क्रू कळला नसेल का?

मी नियमाप्रमाणे पदर फुलीपर्यंत नेलासुद्धा... आणि डबा उचलून परत खिडकीत ठेवला.

आज ऱ्हाऊ दे. उद्या बघू की.