जावेच्या वाकळा आणि परक्यांची मांजरं

लेकीनं आमच्या तामलवाडीच्या घरात टीव्हीशेजारी एक डबा बसवला, म्हंजे छोटा कॉम्प्युटरच. त्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांचं स्वतःचं सोशल मीडिया चालायचं. कुण्या कंपनीचं न्हाय, आमचं. देशोदेशी लोकांनी असेच डबे बसवलेत म्हणं, त्यांच्याशीही ओळखी व्हायच्या. मीच बायकांना सांगितलं, फोटो इथं टाका अन् फोनातनं काढा, फोन मोकळा राहील. धाकट्या जावेनं ऐकलं. तिच्या मायनं शिवलेल्या वाकळांचे फोटो होते ते. वाकळा कधीच विरून गेल्या, माय पण गेली.

थोड्या महिन्यांत डबा भरला. लेक सोलापुरातनं म्हणाली, "मोठी डिस्क लागंल, शिवाय सगळ्याची नक्कल जपून ठेवायला दुसरी एक." तेवढ्या पैशात दुभती शेळी आली असती. मी म्हटलं, डिस्क कशाला, जावेला आवरते, तिचेच फोटो ढीगभर.

आमचं दोघींचं पटत न्हाय, खोटं कशाला बोलू? तिच्या दारात जाऊन म्हटलं, "सगळ्यांची जागा तू एकटीच खातीस."

"अक्का, जागा माहेराहून आणली काय तुमी?"

झालं. घरी येऊन मी तिचं अख्खं खातंच पुसलं. मशीननं दोनदा विचारलं, नक्की का? माझ्यापेक्षा त्याला जास्त अक्कल.

दुसऱ्या दिवशी डबा तसाच भरलेला. लेकीनं तिकडनं तपासलं. "मम्मी, तू किती जणांना फॉलो केलंस?"

आता बघा, हळदीकुंकवाला कुणी आपल्याकडं आलं की आपणही त्यांच्याकडं जायचं, ही रीत. मला कुणी फॉलो केलं की मी लगेच त्यांना फॉलो करायची. शेकडो माणसं झाली. त्यांच्या प्रत्येक फोटोची नक्कल आपल्या डब्यात येऊन बसती, हे मला कुठं ठाऊक! कुणाची मांजरं, कुणाच्या अंगणातला बर्फ. जावेच्या वाकळांनी कोपरासुद्धा अडवला नव्हता.

लेकीनं नकला पुसल्या, डबा अर्धा रिकामा झाला. वाकळा काही परत आल्या न्हाईत.

जाऊ दारात तूर पाखडत होती. म्हटलं, "चुकलं माझं. आता जागा झालीया."

सूप थांबलं न्हाय. "बरं झालं. मांजरांना ऐसपैस बसू द्या."

संक्रांतीला मी तिच्याकडं गेले. तिनं कुंकू लावलं, हातात वाण ठेवलं अन् पुढच्या बाईकडं वळली. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला मी दिवेलागणीपर्यंत तिचं वाण वेगळं काढून बसले होते. ती आली न्हाय.