अज्जाच्या कार्डावरची साखर

लग्न होऊन मी खानापूरकडून गुंदजवळच्या वाडीत आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी चवथीचा, म्हणजे गणपतीच्या सणाचा, सगळा खर्च माझ्या हाती सोपवला. मिरगाच्या तोंडाला एक दिवस चुलीपाशी रुमालात बांधलेले पैसे आणि रेशनचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, यंदा तू बघ. मी वाटच बघत होते. या घरात सगळ्यांपेक्षा मला जास्त कळतं असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

पैशांचं मला अवघड वाटलं नाही. तांदूळ घरचा, नारळ घरचे, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं रानातली. माझ्या लुगड्याला काट मारली आणि तूप-रव्याचं जमवलं. अडलं ते साखरेपाशी. त्या साली साखर पुन्हा कार्डावर आली होती. माणशी ठरलेली मिळायची. दुकानदार कार्डावर जांभळ्या पेन्सिलीनं खूण करायचा, आणि एकदा खूण झाली की हातात कितीही पैसे असोत, पुढच्या महिन्यापर्यंत साखरेचं नाव काढायचं नाही.

आणि मला साखर पुष्कळ हवी होती. नणंदेचं लग्न नुकतंच नंदिगड्ड्याला झालं होतं आणि तिची ती पहिली चवथ. आमच्याकडे पहिल्या चवथीला माहेरून वझं जातं, म्हणजे लाडू, करंज्यांसारख्या नेवऱ्या, फळं भरलेली मोठी टोपली. ती सासरच्या सगळ्या वाडीत वाटतात, आणि वाडी खाता खाता माहेराचं माप काढते. आदल्या वर्षी माझं वझं आलं तेव्हा बाबांनी गुळाच्या नेवऱ्या पाठवल्या होत्या. चांगल्या खुसखुशीत होत्या. पण तेव्हा साखर दुकानात मोकळी मिळत होती, त्यामुळे एकीनं सगळ्यांदेखत मला विचारलं, "खानापुरात साकर मिळत न्हाई व्हय?" बायका हसल्या. थट्टाच होती, पण मला ती वर्षभर टोचत राहिली. नणंदेवर ही पाळी येऊ द्यायची नाही असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर नणंदेपेक्षा मला त्या बायकांना दाखवून द्यायचं होतं.

घरातला चहा गुळावर आणला. ह्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि मग, गूळ घालून दूध फाडण्यापेक्षा कोराच दे, असं सांगून मोकळे झाले. तरी पुरेना. मग मला शेजारच्या म्हाताऱ्या अज्जाचं कार्ड आठवलं.

अज्जा एकटा राहायचा. बायको वारलेली, एकुलती लेक गोव्यात दिलेली. पोर्तुगीज असताना गोव्याचा नाका बंद झाला तेव्हापासून ती आली नव्हती. गोवा सुटल्यावरही बाळंतपणांमुळे तिचं येणं राहून गेलं होतं. अज्जाचा गुडघा धरलेला असायचा, म्हणून त्याचं रॉकेल आम्हीच गुंदहून आणायचो आणि त्याचं कार्ड आमच्याच फडताळात असायचं. साखर तो उचलतच नव्हता, त्याला गुळाचा चहा आवडायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ने की. मला कशाला साकर?" तीन महिने मी आमच्या कार्डाबरोबर त्याच्याही कार्डावर खूण करून घेतली. पैसे आम्हीच भरत होतो, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही. डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला होता, पावसाची ओल लागू नये म्हणून. येता-जाता झाकण उघडून बघायची मला सवयच लागली होती.

चवथीला आठ दिवस होते. त्या सकाळी मी सगळी साखर दळून सारणात मिसळली आणि तळायला बसले. तेवढ्यात अज्जा वाटी घेऊन दारात आला. त्याच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. आदल्या संध्याकाळी लेक आली होती, न कळवता, पाच वर्षांच्या पोराला घेऊन. सणाला घरी असायला हवं म्हणून दोनच दिवस राहणार होती. पोराला गोव्यात साखरेचा चहा लागायचा. गुळाचा त्यानं थुंकून टाकला होता.

"वाटीभर साकर दे गं बाय," अज्जा म्हणाला. "म्हयन्याला परत करतो."

स्वतःच्याच कार्डावरची साखर तो माझ्याकडे उसनी मागत होता. मला ते तिथल्या तिथे कळलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, साखर उरली नाही, गूळ देऊ का? त्यानं परातीतल्या सारणाकडे पाहिलं. मग गूळ हाय घरात, असं म्हणून तो वाटी घेऊन परत गेला.

तो गेल्यावर सासूबाईंनी हळूच सुचवलं, पोराला दहा नेवऱ्या दे. माझ्या सव्वाशे मोजून ठरल्या होत्या. मी त्यांना ऐकवलं की देवाला दाखवायच्या आधी कुणाला देत नाहीत. देवाचं मला एरवी एवढं कधी पडलेलं नसायचं. सासूबाई चुलीतलं लाकूड पुढे सारू लागल्या. कारभार त्यांनीच माझ्याकडे दिला होता. दोन दिवसांनी पावसातच लेक पोराला कडेवर घेऊन गेली. मी ओसरीवर उभी होते, पण पुढे झाले नाही.

वझं नंदिगड्ड्याला गेलं. हे सांगत आले की नणंदेच्या सासूनं नेवरी मोडून बघितली आणि आतली पांढरी साखर शेजारणीला दाखवली. जे हवं होतं ते सगळं झालं. मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला, पण टिकला नाही. चवथीनंतर मी अज्जाकडे नेवऱ्यांचं ताट घेऊन गेले, तर त्यानं नेहमीसारखं घेतलं आणि चांगल्या झाल्यात म्हणाला.

पुढच्या महिन्यात त्याच्या कार्डावरची साखर आणली आणि तशीच्या तशी त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवली. पैसे घेणार नाही असंही सांगितलं. वाटेत दहा वेळा घोकलेलं बाकीचं बोलणं मात्र तोंडातून निघेना. अज्जानं पुडी हातात घेतली, बांधलेला दोरा चाचपला आणि माझ्याकडे परत सरकवली.

"ही ने तू. मी खात न्हाई, तुला ठावं हाय. खाणारं गेलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "कार्ड तेवढं हितं ठेव."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. मी घरी गेले, फडताळातून कार्ड काढून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

त्यानंतर आम्ही कितीदा विचारलं तरी तो त्याचं रॉकेल स्वतःच आणायला लागला. गुंदच्या वाटेवर काठी टेकत, दर चार पावलांवर थांबत जायचा. मी मागून आले तर बाजूला होऊन म्हणायचा, तू हो म्होरं, मला वेळ लागतोय.