लुकलुकत्या बल्बच्या घरी

वायरिंगच्या धंद्यात किस्से धुळीसारखे साठतात. पुसायला जावं तर आणखी निघतात! मी जळगावचा, माझा पार्टनर बापू धुळ्याचा. आमची निम्मी कामं एकाच तक्रारीची: "बल्ब लुकलुकतो." बल्ब बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. कुठेतरी वायर ढिली असते; टेकली की उजेड, सुटली की अंधार. एवढंच! पण हे लोकांना सांगून बघा.

देवपूरला एका घरात बल्ब लुकलुकला की स्विचबोर्डला चापट मारायची पद्धत. सुनेच्या चापटीने तो हमखास सुधारायचा, म्हणून सासूबाई तिला भाकरी थापता थापता उठवायच्या. "तिच्या हाताला गुण आहे!" मी बोर्ड उघडला तर स्क्रू ढिला, वायर काळी, प्लास्टिक वितळलेलं. बापू म्हणाला, "अक्का, हाऊ बोर्ड शे, म्हैस नही!"

जळगावचे एक कापडवाले शेठजी सारखे बल्ब बदलायचे. "कंपनीच चोर आहे!" बघतो तर होल्डरची स्प्रिंग दबलेली. म्हटलं, "शेठजी, होल्डर बदला."

"होल्डर कशाला? बल्ब गॅरंटीत फुकट मिळतो!"

पहूरला हळदीत तर कहर. मांडवातल्या माळांच्या उघड्या वायरी सॉकेटमध्ये आगपेटीच्या काड्यांनी खुपसलेल्या. डीजे दणाणला की काड्या हलायच्या आणि माळा तालावर लुकलुकायच्या. पोरं बेभान! आम्ही मुकाट्याने नीट प्लग बसवला. नवरदेव धावत आला. "भाऊ, डिस्को काबरं बंद केला?"

बापूच्या स्वतःच्या घरचा बल्ब मात्र कित्येक दिवस लुकलुकत होता. वहिनी सांगून थकल्या. शेवटी त्यांनी शेजारणीला गिऱ्हाईक बनवून फोन लावला. बापू एकदम गोड आवाजात म्हणाला, "ताई, उद्या नक्की येतो!" तेव्हापासून त्या घरच्या कामाला वहिनी मलाच बोलावतात.

आणि सावद्याच्या अक्का! केळीवालं घर. यजमान आबा वारल्यापासून त्यांच्या फोटोवरचा बल्ब लुकलुकायचा, आणि काही विचारताना तो लुकलुकला की मुलं म्हणायची, आबांची परवानगी नाही. अक्कांना लेकीकडे जायचं होतं, तर बल्ब लुकलुकला. जाणं रद्द! मुलं मळ्यात गेलेली बघून अक्कांनी मला बोलावलं. मी ढिली वायर घट्ट केली. संध्याकाळी अक्कांनी सगळ्यांसमोर फोटोला विचारलं, "जाऊ का हो?" बल्ब शांत. अक्का गेल्या आणि चांगल्या मनसोक्त राहून आल्या.

आल्या आल्या त्यांचा फोन. "भाऊ, पोरं केळीचं वावर विकाचं म्हनून राह्यले. आता आबाले विचारतीन. तू येऊन वायर ढिली करून दे!"

"अक्का, आग लागेल घराला!"

"अन् वावर गेलं त मी कुठी जाऊ?"

हत्यारांची पिशवी उचलली. गेलो. वायर ढिली केली नाही; अक्कांच्या खाटेच्या कडेला त्या बल्बचं एक बटण तेवढं बसवून दिलं.

विचारायच्या वेळी मी तिथेच चहा पीत होतो. थोरल्याने हात जोडले. "आबा, वावर विकू का?"

बल्ब असा काही लुकलुकला की धाकटा दोन पावलं मागे सरकला. अक्का खाटेवर डोळे मिटून जप करत होत्या. एक हात माळेवर, दुसरा गोधडीखाली.