खंडेनवमीची पाहणी

ते कलम मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही दुसऱ्याच कुणाला तरी शिव्या घालत बसाल.

झरीत आमची एक शेड होती. ग्रामपंचायतीची जुनी खोली, वर पत्रे, आत एक ड्रिल मशीन, एक वेल्डिंगचा सेट, लोखंड आवळून धरायला दोन वाईस, पान्हे, करवती. कुणीही यावं, आपलं काम करावं, अवजार पुसून जागेवर ठेवावं. फवारणी पंपाचा दांडा तुटला, या. शिवणयंत्राचा पाय हलतोय, या. शहरात अशा जागांना काचेच्या भिंती असतात आणि आत कॉफी मिळते म्हणे. आमच्याकडे माठ होता.

अशा सामाईक कार्यशाळा देशात जागोजाग आहेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच: खोली दुसऱ्याची. सरपंच बदलला की सामान रस्त्यावर. म्हणून आम्ही काही जणांनी ठरवलं, या सगळ्या शेडसाठी देशपातळीवरची एक धर्मादाय संस्था काढायची. तिचं पत्र हातात असलं तर ग्रामसभेत कुणी आम्हाला हाकलायच्या आधी दोनदा विचार करेल. आणि शेड सांभाळणाऱ्या एका माणसाला संस्था महिन्याचं मानधन देईल. अशी संस्था नोंदवायला वेगवेगळ्या राज्यांतले संस्थापक सभासद लागतात. दर रविवारी दुपारी मोबाईलवर आमची बैठक व्हायची. कुणी डोंगरातून बोलायचं, कुणी समुद्राकाठून. मी झरीच्या बसथांब्यामागून, कारण रेंज तिथंच.

ते मानधन कुणाला मिळायचं हे माझ्या मनात ठरलेलं होतं. मावशीला. माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न झालं तेव्हापासून ती दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जाते. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, दिवसभर. तिची मान आता डावीकडं वळत नाही. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्यावर ओझं बंद. सांगायला त्यांचं काय जातंय.

ती एकदा कोयत्याचा दांडा बसवायला शेडमध्ये आली आणि परत गेलीच नाही. रोज यायला लागली. सायकलची दोन चाकं, पलंगाचे जुने पाइप, असं जमवून तिनं मोळीगाडा करायला घेतला. मोळी खांद्याच्या उंचीवर ठेवायची आणि ढकलत ट्रकपर्यंत न्यायची. गाडा झाला होता. चाकाच्या कण्याला धरणाऱ्या लोखंडी पट्टीत दोन भोकं पाडायची तेवढी राहिली होती. शेड टिकली तर मावशी गावात राहून शेड सांभाळणार, असे गाडे करणार. नाही टिकली तर ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर. मधला रस्ता नव्हता.

आता कलम. मी कॉलेजात पत्रकं लिहून शिकले. पत्रकात 'शक्यतो' चालत नाही, 'साधारणपणे' चालत नाही. आणि मी कागदावरच्या संस्था पाहिलेल्या होत्या. दारावर मोठा बोर्ड, आत प्लास्टिकसकट ठेवलेली यंत्रं, फोटोपुरती माणसं. संताप होता माझ्या डोक्यात. सभासद करण्याआधी दुसऱ्या राज्यातल्या शेडचं कुणीतरी येऊन पाहणी करणार होतं. घटनेचा मसुदा करताना मी लिहिलं: 'पाहणीच्या दिवशी अवजार माणसाच्या हातात चालताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर त्या कार्यशाळेला संस्थापक सभासद करू नये. अपवाद नाही.' कुणीतरी म्हणालं, 'शक्यतो' घालूया का? मी म्हणाले, 'शक्यतो' हा शब्द चोरांच्या सोयीसाठी असतो. सगळे हसले. कलम पास.

पहिल्याच पाहण्यांमध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका शेडची वीज गेली. त्यांनी सवलत मागितली. सगळ्यात मोठ्यानं 'नाही' मी म्हणाले.

मग बैठकीत मला आमच्या पाहणीची तारीख विचारली. सोयाबीनचा हंगाम, माणसं रानात, दिवसा गावात चिटपाखरू नाही. मी विचार केला, सगळे घरी कधी सापडतील? नवमीला. दिली तारीख. शेडमध्ये सांगितलं, नवमीला बाहेरच्या राज्यातल्या बाई येणार आहेत, सगळ्यांनी या. लोहारमामा म्हणाले, "लय चांगल्या दिवशी यायल्यात की!" शेडमधली निम्मी कामं शिकवणारे ते हेच. त्यांना वाटलं पाहुण्या पूजेला यायल्यात. मी मान हलवली. खंडेनवमीला अवजारं पुजायची असतात आणि दसऱ्याला पूजा करून उचलेपर्यंत त्यांना कामाला लावायचं नसतं, हे या जिल्ह्यातलं शेंबडं पोर सांगेल. मीही सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. आमच्या घरी कॉलेजच्या दिवसांपासून मी पूजेला बसत नव्हते, त्याचा मला गर्वही होता. माणसं घरी का असतात हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही.

पाहुण्या बाईंना घेऊन मी परभणीहून सकाळच्या एसटीनं आले. दारात रांगोळी. आत घोंगडी अंथरून त्यावर सगळे पान्हे, हातोड्या, करवती धुऊन ओळीनं ठेवलेल्या, प्रत्येकाला कुंकू. ड्रिल मशीनला झेंडूचा हार. वेल्डिंगच्या सेटवर लिंबू. माणसं सगळी हजर, धुतलेल्या कपड्यांत, हात स्वच्छ. एकाचाही हात काळा नाही.

नवमीला माणसं घरी का असतात, ते मला तेव्हा कळलं.

बाई खूश होत्या. चहा झाला, पुरणपोळी झाली. मग त्या म्हणाल्या, "अब काम देखें?"

लोहारमामांनी आपल्या हिंदीत समजावलं, "आज काम नहीं करते मॅडम. आज इनकू आराम है."

मी मावशीला शेडच्या मागं ओढत नेलं.

"मावशी, दोनच भोकं. पाच मिनिटं लागतील."

"आज?"

"आजच."

"येडी झालीस का? नवमी हाय."

"मला माहीत आहे नवमी आहे."

"म्हाईत हाय तर आजच कामून बोलावलंस तिला?"

मी म्हणाले, "तू इथं राहणार का फडावर जाणार, ते यावर आहे."

"मला काय कळत न्हाई का गं?" ती पत्र्याला टेकली. "वरीसभर राबतंय ते लोखंड. आमाला इसावा कुणी दिला न्हाई. त्याला एक दिस हाय, त्योबी मीच मोडू व्हय?"

"लोखंडाला काय कळतंय!"

"त्याला न्हाई कळत. मला कळतंय."

मी तिथं वाद घालायला हवा होता किंवा गप्प बसायला. मी आत गेले, ड्रिलचा हार काढून फेकला, पट्टी हातात धरली आणि बटण दाबलं. "ए पोरी, ठिव खाली!" लोहारमामा ओरडले. मी म्हणाले, "मामा, तुमी गप बसा." पट्टी ड्रिलच्या फिरत्या बिटाखाली सरकवली. बिट लोखंडात रुतलं, पट्टी हातातून गर्रकन फिरली, बिट तुटून उडालं, माझ्या तळव्यातून रक्त यायला लागलं. बाईंनीच धावत येऊन बटण बंद केलं.

"वाईसमधी न आवळता हातानं धरतात का गं पट्टी!" मामांनी खाली पडलेलं बिट उचललं. मग म्हणाले, "आजवर कागदालाच भोकं पाडायली आसंल ही." दोघंतिघं हसले. हसण्यासारखंच होतं.

बाईंनी मला हळू विचारलं, "आपने पहले कभी चलाया है?"

"नहीं."

शेडसाठी मी मोर्चे काढले, निवेदनं दिली, किती पत्रकं लिहिली. एकही भोक पाडलेलं नव्हतं. मावशी लुगड्याचा पदर माझ्या हाताला आवळत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं, नवमी, पूजा, माझी चूक. उद्या दसरा, उद्या थांबा म्हणाले. त्यांना दोन दिवसांच्या प्रवासावरच्या दुसऱ्या शेडला पोचायचं होतं आणि रविवारी संस्थापक सभासदांची यादी ठरायची होती. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: अवजारं उत्तम स्थितीत, माणसं हजर, काम बंद. "ये 'अपवाद नहीं' किसने डाला है?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मी.

रविवारी बसथांब्यामागं उभी राहून मी अपवाद मागितला. हो, मागितला. लाज सोडून, रडून मागितला. सगळे चांगले होते, दोघं तयारही झाले. मग एकानं शांतपणे विचारलं, "वीज गेलेल्या शेडला काय सांगायचं?" त्या शेडच्या बाई बैठकीत होत्या. मी माझी मागणी परत घेतली.

संस्था नोंदली गेली. प्रमाणपत्राची प्रत माझ्या मोबाईलवर आली, कलम जसंच्या तसं. यादीत झरी नाही, म्हणून पत्रही नाही, मानधनही नाही. ग्रामसभेत सरपंचांनी विचारलं, "कुठाय तुमचं दिल्लीचं पत्र?" आणि खोलीत खताची पोती लागली. ड्रिल मशीन लोहारमामांच्या ओसरीवर गेलं, बाकीचं ज्याच्या त्याच्या घरी. त्या मापाचं बिट तेवढं एकच होतं; मी परभणीहून नवं आणेपर्यंत टोळीचा ट्रक फाट्यावर लागला होता. मावशीनं मोळीगाड्याचा कणा पट्टीला तारेनं बांधला, गाडा टपावर टाकायला लावला आणि चढली. मला म्हणाली, "हाताला हळद लावत जा."

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"तार तुटली गं. डोक्यावरच घ्यायलेय."

"मान?"

"हाय तिथंच हाय." मागून कुणीतरी तिला हाका मारत होतं.

मी रोज सकाळी लोहारमामांच्या ओसरीवर जाते. ते भंगारातल्या पट्ट्या देतात, वाईस आवळायला लावतात, शिव्या घालतात. भोक अजून तिरकं पडतं. पण पडतं. म्हटलं, तिच्या गाड्याची नवी पट्टी करून कुणाबरोबर तरी फडावर पाठवू. फोन लावून विचारलं, दोन भोकांमधलं अंतर किती?

"चार बोटं."

"अगं, टेपनं मोजून सांग."

"टेप कुठंय इथं? चार बोटं म्हणजे चार बोटं. माझी."

मी फोन ठेवला आणि माझी चार बोटं पट्टीवर टेकवली. तिची याहून जाड आहेत. किती जाड, ते मला आठवेना.