सुई लावण्याआधी

"आधी इचारा, मग सुई," असं म्हणत त्या फाइलवर बोट ठेवून उभ्या राहायच्या. परभणीच्या आमच्या कॅन्सर वॉर्डातल्या त्या मुख्य सिस्टर. मी तिथल्या औषधांच्या खिडकीवर. तुम्हीही पाहिलं असेल, दवाखान्यात पेशंटला सोडून सगळे नातेवाइकांशीच बोलतात. या बाईंना ते खपत नसे.

एकदा ताडकळसची एक सून आली, सोबत सासू आणि नवरा. वय चोवीस, लग्नाला वर्ष झालेलं, स्तनाचं ऑपरेशन आटोपलेलं. पहिली केमो त्याच दिवशी होती, मी औषधं काढून ठेवली होती. सिस्टरांनी तिला विचारलं, "लेकरू हाय का?"

"न्हाई."

"पुढं पायजे का? या औषधानं कधी कधी पाळी कायमची जाते. आधी दोघांचं बीज घेऊन गर्भ बनवून गोठवता येतो, बरं झाल्यावर पोटात ठेवतेत. पंधराएक दिवस लागतेत."

सासू घाबरली. "गोठवायचं म्हंजे, फ्रीजमधी?"

"हां. पन घरच्या न्हाई. लोणच्याशेजारी ठेवायचं नसतंय."

सून हसली. सासू हसली नाही. "तिचा जीव वाचला तरी बास हाय. पंधरा दिवसात गाठ वाढली तर?"

भीती खोटी नव्हती. सिस्टर डॉक्टरांकडे जाऊन आल्या. तेवढं थांबलं तर चालेल, असं ते म्हणाले. मग त्या सुनेपुढं स्टूल ओढून बसल्या. पोरगी नवऱ्याकडं बघत हळूच म्हणाली, "पायजे."

मी औषधं परत ठेवली. नवरा-बायको संभाजीनगरला जाऊन गर्भ गोठवून आले, मगच केमो सुरू झाली.

एका दुपारी जेवताना मी विचारलं, "सिस्टर, ती नको म्हणाली असती तर?"

"तर नको. मला अठ्ठाविसाव्या वर्षी हाच रोग झाला. मला कुनी इचारलंच न्हाई. मीबी नको म्हनले असते, काय सांगावं." त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच होती.

काही वर्षांनी त्यांचा आजार उलटला. नोकरी सुटली. त्यांच्या शेवटच्या महिन्यात ती सासू माझ्या खिडकीशी आली, मागं सून. सुनेचा पहिला प्रयत्न फसला होता, दुसऱ्यात मुलगी झाली होती. सिस्टरांना नात दाखवायची, सासू म्हणाली. मी त्यांना सिस्टरांच्या घरी घेऊन गेलो.

सिस्टर भिंत धरत उठल्या, साबणानं दोनदा हात धुतले, टेकून बसल्या. सासूनंच नात त्यांच्या मांडीवर दिली.

"तवा मी लय आडवी आले, बाई," ती म्हणाली.

सिस्टरांनी मान वर केली नाही. "हळू बोला," त्या म्हणाल्या, "झोपायलीय."